स्पीकरमधली घूंऽऽ कशी गेली
लॅपटॉप ऑडिओ मिक्सरला जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. चार्जर काढून बॅटरीवर चालवला की चिडीचूप. म्हणजे भानगड अर्थिंगची. मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटवर, चार्जर दुसऱ्या. दोन्हींच्या अर्थमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक, आणि त्यामुळे ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) करंट गोल फिरतो; हाच ग्राउंड लूप. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणही ५० आणि १०० हर्ट्झची.

दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, आवाज बराच उतरला. उरलासुरला ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्सने (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची, ऑडिओ सिग्नल पुढे देणारी छोटी डबी) घालवला; त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे शील्डचा जोड तोडणारं, बटण दाबलं आणि खट्‌कन शांत. (प्लगची अर्थ पिन मात्र कधीच काढू नका, जिवाशी खेळ आहे.) दुकानदार जाडजूड, महागडी पॉवर कॉर्ड गळ्यात मारत होता. तिने लूप कसा तुटणार?