अद्भुतकथेसाठी महाकाय कोळी कसा रचावा

महाकाय कोळी लिहायला घेतला की बहुतेक नवोदित लेखक आधी त्याची उंची ठरवतात, मग डोळे मोजतात आणि शेवटी नायकाच्या हातात तलवार देतात. अशा प्रसंगात कोळ्याच्या जागी अस्वल ठेवले, तरी एखाद-दुसरे वाक्य सोडता काहीच बदलावे लागत नाही, आणि प्रसंग फसतो तो नेमका इथेच. कोळ्याची दहशत त्याच्या आकारात नसते. जागचा न हलता, नजरेस न पडता तो सावजाची खडान्‌खडा माहिती मिळवत बसलेला असतो, यात ती असते. म्हणून जाळे आधी रचावे आणि राक्षस नंतर.

आकाराचा हिशेब मात्र एकदा करून टाकावा. दक्षिण अमेरिकेतील गोलायथ टॅरँटुला हा वजनाने जगातील सर्वांत मोठा कोळी मानला जातो. त्याच्या मोठ्या मादीच्या पायांचा पसारा सुमारे ३० सेंटीमीटर आणि वजन साधारण १७० ग्रॅम भरते. हाच प्राणी दहापट मोठा केला, तर पसारा ३ मीटर होतो, वजन हजारपट वाढून १७० किलोवर जाते, आणि ते पेलणाऱ्या पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढते, म्हणजे पायांवरचा ताण दहापट होतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेल्या या अडचणीचे उत्तर देण्याची सक्ती अद्भुतकथेवर नाही. शाप, मंत्र, पाताळातले वास्तव्य यांपैकी काहीही एका वाक्यात सांगून पुढे जावे. पण कोळ्याला वाड्याएवढा करण्याचा मोह आवरावा. दाराच्या चौकटीतून आधी पाय आत यावेत आणि धड मागाहून कसेबसे मावावे, एवढा कोळी वाचकाला अधिक जवळचा वाटतो, आणि जे जवळचे तेच भिववते.

आता जाळे. गोल जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची नजर अधू असते. त्यांना जग कळते ते पायांतून. जाळ्याच्या मध्यापासून बाहेर जाणारे धागे कोरडे असतात, त्यांवरून फिरणारे वर्तुळाकार धागे चिकट असतात, आणि कित्येक जातींत कोळी जाळ्यावर न बसता बाजूच्या आडोशाला राहून तिथपर्यंत आणलेल्या एका धाग्यावर पाय टेकवून असतो. वाऱ्याने हललेले जाळे, अडकलेली माशी आणि मीलनासाठी आलेला नर यांची थरथर त्याला वेगवेगळी ओळखू येते. लेखकाने ही रचना गुहेवर, ओसाड किल्ल्यावर किंवा जंगलावर जशीच्या तशी बसवावी आणि कोरडे धागे कुठे, चिकट कुठे, आडोसा कुठे, याचा नकाशा कागदावर काढून ठेवावा. मग नायक प्रकाश आणि आवाज यांची सगळी खबरदारी घेतो, आणि तरीही पकडला जातो. उदाहरणार्थ:

‘मशाल विझवून तो भिंतीला चिकटून उभा राहिला. खांद्याला केसाएवढे बारीक काहीतरी लागले, ताणले गेले, पण तुटले नाही. वर, फार वर, काहीतरी चालायचे थांबले.’

या तीन वाक्यांत कोळी कुठेच दिसत नाही. तो इतका वेळ चालत होता, हे वाचकाला तो थांबल्यावरच कळते, आणि आपली चाहूल लागली आहे हेही त्याच क्षणी कळते. यापुढे निदान पानभर तरी कोळ्याचे वर्णन करू नये. (आठ डोळे अंधारात लालभडक चमकवण्याची हौस असेलच, तर रात्री गवतात बॅटरी कपाळाशी धरून पाहावे; लांडगा-कोळ्यांचे डोळे बारीक हिरवट ठिणग्यांसारखे चकाकतात आणि ते दृश्य लाल डोळ्यांपेक्षा कितीतरी अस्वस्थ करणारे आहे.)

हल्ल्याच्या वर्णनात सर्वाधिक ढोबळ चुका होतात. कोळी लचके तोडून गिळत नाही. तो विषाने सावजाला लुळे करतो, बहुधा धाग्यांत गुंडाळतो, त्यावर पाचकरस सोडतो आणि जे द्रव होईल ते शोषून घेतो. कथानकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण पकडलेला सोबती जिवंत, शुद्धीवर, पण हलू न शकणारा राहू शकतो, आणि त्याला सोडवायला किती वेळ आहे हा प्रश्न आपोआप उभा राहतो. हा अवधी लेखकाने आधीच ठरवावा आणि नायकाच्या सोयीसाठी मध्येच वाढवू नये. डरकाळीही टाळावी. काही टॅरँटुला अंगावरचे राठ केस एकमेकांवर घासून फुस्कारल्यासारखा आवाज काढतात, तेवढा पुरे.

राक्षसाचे दुबळेपण त्याच्या शरीरातूनच यावे. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय आत ओढणारे स्नायू असतात, पण तो ताठ करणारे नसतात. शरीरातील द्रवाचा दाब वाढवून तो पाय पसरतो. त्यामुळे धडावर खोल जखम झाली आणि द्रव वाहू लागला, तर पाय शाबूत असूनही त्याला उभे राहणे जड जाते. ऐन धावपळीत तो लवकर दमतोही, म्हणून मैलभर चाललेला पाठलाग पटत नाही. एक झेप, थोडी धाव आणि पुन्हा दबा, अशी त्याची लय ठेवावी. सर्वांत नाट्यमय काळ कात टाकण्याचा. टॅरँटुला त्या वेळी पाठीवर उताणा पडतो, जुन्या कवचातून तासन्‌तास एकेक पाय सोडवतो, आणि नवे कवच काही दिवस मऊ राहते. नायकाला गुहेत भलेमोठे रिकामे कवच सापडले, तर त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात: कोळी आता याहून मोठा झाला आहे, आणि कदाचित अजून मऊ आहे. चढाई करावी की पळावे, यावरचा वाद तिथे चांगला रंगतो.

कोळ्याला बुद्धी द्यायची असल्यास ती माणसासारख्या लांबलचक भाषणांत खर्च करू नये. पोर्शिया नावाचा उड्या मारणारा कोळी दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्याच्या कडेला बसून धागे असे छेडतो, की सावज अडकल्याचे समजून जाळ्याचा मालकच पुढे येतो. जपानी दंतकथेतील त्सुचिगुमो हा राक्षसी कोळीही भिक्षूच्या वेषात आजारी योद्धा मिनामोतो नो योरिमित्सु याच्या बिछान्यापाशी येतो. तलवारीचा वार बसल्यावर रक्ताचा माग त्याच्या बिळापर्यंत नेतो. दोन्हीकडे शस्त्र एकच आहे, फसवणूक.

लिहिण्यापूर्वी खरा कोळी पाहणे इष्ट. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीतील जंगलवाटांवर जायंट वूड स्पायडरची मोठी जाळी दिसतात. उन्हात धागे सोनेरी दिसतात, मध्यभागी तळहाताएवढी मादी उलटी लटकलेली असते आणि तिच्या आसपास तिच्यापुढे अगदी क्षुल्लक वाटणारा नर वावरत असतो. गवताच्या काडीने कडेचा एक धागा हलकेच छेडावा, ती कोणता पाय आधी हलवते ते पाहावे आणि जाळे न तोडता बाजूने निघून जावे.

शेवटी मृत्यूचे वर्णन. मेलेला कोळी पाय पसरून पडत नाही. दाब संपतो, स्नायूंची ओढ उरते आणि आठही पाय पोटाखाली आखडतात. त्यामुळे ३ मीटरचा राक्षस मरताना नायकाच्या डोळ्यांदेखत लहान होत जातो, आणि नायक त्या क्षणी त्याच्या पायांच्या आत उभा असेल, तर ते त्याच्याभोवती मिटत जातात. जाळ्याचा चिकटपणा मात्र मालकाबरोबर संपत नाही, तेव्हा बाहेर पडण्याची वाट नकाशावर आधीच आखलेली असावी.