इम्पेलरची तुटलेली पाती मोजा

भर समुद्रात बोटीचं इंजिन तापतं आणि एक्झॉस्टमधून पाणी येणं बंद होतं, तेव्हा आधी पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी पुढे ढकलणारं पात्यांचं चाक) पाहावा.

१. इंजिन बंद करून सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा. इंजिनची चावी त्याच कॉकच्या दांड्याला अडकवा, म्हणजे कॉक न उघडता इंजिन सुरू होणारच नाही.

२. पंपाचं झाकण काढा. खाली ट्रे धरा. स्क्रू बारीक असतात आणि हलत्या बोटीत एकदा बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेत) गेला की गेला.

३. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. हे काम बहुतेक जण टाळतात, पण तुटलेले तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतात आणि नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं. होज काढून सगळे तुकडे शोधा.

४. नव्या इम्पेलरच्या पात्यांना भांडी धुण्याचा द्रवसाबण लावा. केबल-टायने पाती आवळून, फिरण्याच्या दिशेने पिळत आत सरकवा. टाय आपोआप बाहेर सरकतो.

५. नवं गॅस्केट (झाकणाखालची पातळ सील) आणि झाकण बसवा, मग कॉक उघडा. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी दिसलं नाही तर लगेच बंद करा.

साबणाऐवजी पेट्रोलियम ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.