पुण्याच्या कस्टमरचा सस्टेनेबिलिटी फॉर्म आला की आधी काय काढून ठेवायचं

सोलापुरात चिंचोळी एमआयडीसी असो नाहीतर अक्कलकोट रोड, गाडीचे पार्ट मशीनिंग करून देणाऱ्यांना आता पुण्यावरून मेल यायला लागलेत, वीज किती, पाणी किती, कचरा कुठं जातो, आणि आपल्यातले बरेच जण ते सरळ सीएकडं ढकलतात. तुमचं खराब कूलंट (मशीन थंड ठेवायचं तेलपाणी) कुठं जातं ते सीएला काय माहिती? दोन रविवार काढा, होतंय.

मागणी कुठून आली तेवढं समजून घ्या. सेबीनं शेअर बाजारातल्या टॉप १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-कामगार-कारभाराचा रिपोर्ट, कंपल्सरी केलाय. सप्लायरची माहिती मात्र मार्च २०२५ च्या सर्क्युलरनं ऐच्छिक झाली, तीपण कंपनीच्या खरेदीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे त्याचीच. आपण कुठले बे २ टक्के! तरी मेल येतो, कारण कस्टमरला पण वरून कुणीतरी विचारतंच असतं. म्हणून फॉर्म डिलीट मारू नका.

पहिलं म्हणजे १२ महिन्यांची लाइटबिलं, त्यातले रुपये नाही, युनिट लिहायचे. ग्रिडच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे महिन्याला १०००० युनिट जळत असतील तर ७ टन. जनरेटरचं डिझेल वेगळं, लिटरला साधारण २.७ किलो, आणि इथंच सगळे अडकतात कारण डिझेल कॅनमधून रोखीनं आलेलं असतं, पावती कुणाकडं नसते. आजपासून वही घाला. बिलं बाहेर काढलीच आहेत तर पॉवर फॅक्टर आणि मॅक्झिमम डिमांड पण बघून घ्या, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद करून नुसता कंप्रेसर चालू ठेवा आणि हवा कुठं गळतेय ते ऐकत शेडमधून कान लावून फिरा. आमच्याकडं कुणी हवा वापरत नसताना कंप्रेसर दर थोड्या वेळानं लोड घेत होता, दोन कपलिंग आणि एक चिरलेला पाइप, बास. फॉर्म भरायला बसलो नसतो तर कधी कळलं नसतं, आणि त्या हवेचं बिल दर महिन्याला आपणच भरत होतो की.

पाण्याला बोअरवर मीटर बसवा, टँकरच्या चिठ्ठ्या फाइलला लावा. वापरलेलं ऑइल आणि कूलंटचा गाळ हा घातक कचरा आहे, भंगारवाल्याला द्यायचा नसतो, परवानाधारकाला देऊन फॉर्म १० (कचरा नेल्याची चिठ्ठी) ची कॉपी ठेवायची आणि ३० जूनच्या आत फॉर्म ४ (वर्षाचा हिशोब) प्रदूषण मंडळाकडं भरायचा. पीएफ-ईएसआयची चलनं, अपघात रजिस्टर, १० किंवा जास्त माणसं असतील तर महिलांच्या तक्रारींची समिती, हे पण लागतं.

जे कागदावर नाही ते लिहू नका, रिकामं सोडा. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी इंडेक्सनं फोक्सवॅगनला गाडीवाल्यांत पहिलं ठरवलं आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धुराच्या टेस्टमध्ये सॉफ्टवेअरनं फसवल्याची भानगड बाहेर आली, ऑक्टोबरमध्ये नाव काढून टाकलं. पुढं दंड-भरपाईत ३० अब्ज युरोच्या वर गेले. एवढं महागाचं खोटं आपल्याला परवडत नाही.

आता शेवटचा कागद, जो कुणीच काढत नाही. बीआरएसआर कोअरमध्ये, म्हणजे त्या रिपोर्टच्या मुख्य आकड्यांच्या भागात, कंपनीला सप्लायरचं पेमेंट सरासरी किती दिवसांनी होतं तेसुद्धा सांगावं लागतं. तुमचं मायक्रो किंवा स्मॉलचं उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे दिले नाहीत की कस्टमर कंपनीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरता येत नाही, प्रत्यक्ष पेमेंट करतील तेव्हाच. म्हणून थकलेल्या बिलांची तारीखवार यादी प्रिंट काढून ठेवा. ऑडिटवाले साहेब पुण्यावरून येतील, शेंगाचटणी-कडक भाकरी खातील, कार्बन विचारतील. सगळं दाखवून झालं की चहाच्या वेळी ती यादी पुढं सरकवायची.