उन्हाळ्यात दोन विषय, सत्रात बारा क्रेडिट

अमेरिकेतल्या बॅचलर पदवीला साधारण १२० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) लागतात, म्हणजे आठ सत्रांत प्रत्येकी १५. ओझं उतरवायला मला हे गणित लागू पडलं: उन्हाळ्यात ३ क्रेडिटचे दोन विषय, आणि फॉल (शरद) व स्प्रिंग (वसंत) या नियमित सत्रांत १२-१२. वर्षाचे ३० भरतात.

बाराच्या खाली मात्र जाऊ नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बॅचलर पदवीच्या विद्यार्थ्याला नियमित सत्रात १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. उन्हाळ्याची जादा क्रेडिटं ही तूट भरून काढत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही अट नसते.

दोन्ही विषय एकदम घेणं ही नेहमीची चूक. ४५ तासांचा वर्ग सहा आठवड्यांत बसवला की आठवड्याला साडेसात तास वर्ग, त्याच्या दुप्पट अभ्यास, म्हणजे एका विषयालाच साडेबावीस तास. एक उन्हाळ्याच्या पहिल्या छोट्या सत्रात, दुसरा दुसऱ्या छोट्या सत्रात घ्या. प्रयोगशाळेचे विषय टाळलेलेच बरे. रिपोर्ट लिहायला उसंत मिळत नाही.

कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) बहुतेकदा स्वस्त पडतं. पण फी भरण्याआधी आपल्या विद्यापीठाकडून समकक्षतेची (तिथला विषय इथल्या विषयाइतकाच धरला जाईल याची) लेखी मंजुरी घ्या, सिलॅबस जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी क्रेडिट जमा होतात, ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरली जात नाही. जीपीए सुधारायचा असेल तर विषय स्वतःच्याच विद्यापीठात करा. शिष्यवृत्तीला सत्रात १५ क्रेडिटची अट आहे का, तेही आधीच विचारा.