स्प्रे गनचा पट्टा एका बाजूला जाड पडतोय? आधी एअर कॅप फिरवा

स्प्रे गनचा ट्रिगर अर्धा दाबला की नुसती हवा सुटते. पूर्ण ओढला की नोझल, म्हणजे रंगाचं भोक, बंद ठेवणारी सुई मागे सरकते आणि रंग येतो. गनच्या तोंडावरची टोपी म्हणजे एअर कॅप; तिच्या दोन शिंगांमधून येणारी हवा रंगाच्या तुषारांचा चपटा पट्टा करते.

गॅरेजात नवीन पोराला मी आधी कागदावर पट्टा मारायला लावतो. एका बाजूला जाड पडला तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. जाड बाजू बदलली तर कचरा कॅपमध्ये, तशीच राहिली तर नोझलमध्ये. साफ करायला थिनर आणि लाकडी काडी. तार अजिबात घालू नका, खरवडलेलं भोक पुन्हा नीट होत नाही.

पत्र्यापासून 15-20 सेंटिमीटर, मनगट न वळवता, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत जा. आणि मास्क कार्ट्रिजचाच, म्हणजे वाफ अडवणाऱ्या फिल्टरच्या डब्यांचाच लावा. रुमालाने थिनरची वाफ अडत नाही.