शॉट लांबून की जवळून? आधी कागदावर ठरवा

मोबाइलवर शॉर्टफिल्म करताना सगळे शॉट कमरेपासून वरचेच निघतात आणि एडिटिंगला बसलं की गोष्ट सपाट वाटते. म्हणून शूटच्या आधी पटकथेच्या समासात प्रत्येक क्षणापुढे, तिथे काय दाखवायचंय त्याचा, एकच शब्द लिहा: जागा, काम किंवा मन. त्या शब्दावरून शॉट ठरतो.

१. जागा: लाँग शॉट. रावेरकडची केळीची बाग, बांधाला ट्रक, माणसं बारीक.
२. काम: मिड शॉट, म्हणजे कमरेपासून वर. व्यापारी क्विंटलचा भाव सांगतोय.
३. मन: क्लोजअप, म्हणजे अगदी जवळून. भाव ऐकून घडावर थांबलेला विळा. चेहराच हवा असं नाही. हात पुष्कळदा जास्त बोलतात. समासात ‘मन’ फार झालं तर निम्मे खोडा, प्रसंगाला एक क्लोजअप माझ्या मते पुरे.

जवळ जायचं तर चालत जा, डिजिटल झूमने चित्र फुटतं.