वटवाघूळ चावलं तर रेबीजची लस पुरते का, आणि नेमकं काय करायचं

चावलंय किंवा ओरखडलंय तर आधी धुवा, बाकीचं नंतर वाचा. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं, आणि घड्याळ लावूनच, कारण आपल्याला पंधरा झाली वाटतात तेव्हा तीन-चारच झालेली असतात. मग पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) लावा. हे पहिलं का, तर साबण व्हायरसचं वरचं चरबीचं आवरण फोडतो, व्हायरस कुठल्या जातीचा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. लसीला मात्र आहे.

कारण रेबीज एकटा नाही, लिसाव्हायरस म्हणून आख्खं खानदान आहे आणि त्यातले बहुतेक वटवाघळांत सापडलेत. माणसांसाठीच्या सगळ्या लसी मात्र एकट्या रेबीज व्हायरसपासून बनवतात. त्यातून तयार होणाऱ्या अँटीबॉडी व्हायरसच्या अंगावरच्या जी-प्रोटीनला पकडतात, त्यामुळे नातं जितकं जवळचं तितकी पकड घट्ट. युरोपातले दोन बॅट लिसाव्हायरस, ऑस्ट्रेलियातला, आफ्रिकेतला डुव्हेनहागे, श्रीलंकेतला गन्नोरुवा हे जवळचे, म्हणजे पहिल्या गटातले, इथे लस कामाला येते पण सगळ्यांवर सारखी नाही. लागोस बॅट आणि मोकोलावर जवळजवळ काहीच नाही (मोकोला तर वटवाघळात नाही, चिचुंद्र्या-मांजरांत सापडलाय, पण घराणं तेच). वेस्ट कॉकेशियन बॅट व्हायरसपुढेही तीच गत. अमेरिका खंडात उलट, तिथल्या वटवाघळांत खुद्द रेबीजच असतो, म्हणजे लस पूर्ण लागू.

आता हे वाचून "मग लस घेऊन काय उपयोग" असं कुणी म्हणू नका प्लीज. स्कॉटलंडमध्ये २००२ साली वटवाघळांवर काम करणारा एक माणूस गेला, लस घेतलेली नव्हती, आणि व्हायरस पहिल्या गटातलाच होता, म्हणजे जिथे लस कामाला येते.

डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. दात सुईसारखे बारीक असतात, खूण दिसेलच असं नाही, त्यामुळे झोपेतून उठलात आणि खोलीत वटवाघूळ दिसलं तरी जायचं. आधी कधीच लस घेतली नसेल तर लसीचा पूर्ण कोर्स आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), हे टाळू नका. आधी कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ व्या दिवशी एकेक डोस, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

वटवाघळांसोबत कामच असेल तर आधीच लस घ्या आणि मधूनमधून टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) तपासा. ०.५ युनिट आलं की लोक निवांत होतात, पण तो आकडा रेबीज व्हायरससमोर मोजलेला असतो, लांबच्या भावंडांसाठी तो पुरेसा धरू नका. म्हणून जाड ग्लोव्हज लसीनंतरही घालायचेच.

आणि हो, ते वटवाघूळ हाताने पकडायला जाऊ नका. आरोग्य खात्याच्या लोकांनी पकडून लॅबला दिलं तर उत्तम, पण रिपोर्टसाठी लस थांबवायची का हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना कुठल्या देशात चावलं तेही सांगा, त्यावरून कुठला व्हायरस असू शकतो याचा अंदाज येतो.